हरणाला वारा लागतो तेव्हा

ऑक्टोबरातली पहाट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲपलेशियन डोंगररांगेची एक सोंड. ओकच्या खोडाला शिडीसकट आवळून बांधलेल्या ट्री स्टँडवर, म्हणजे तिथल्या लोखंडी मचाणावर, मी माझ्या शेजाऱ्यांबरोबर बसलो होतो. जमीन सोळा फूट खाली. दोघांच्याही अंगात पट्ट्यांचा हार्नेस, कारण तिकडे शिकारीच्या मोसमात स्टँडवरून पडून दरवर्षी माणसं जायबंदी होतात. त्यांच्याकडे धनुष्य होतं, माझ्याकडे नुसती दुर्बीण.

त्यांनी खिशातून मिल्कवीडची वाळलेली शेंग काढली आणि रेशमासारखा एक तंतू बोटांतून सोडून दिला. मला एकदम गाव आठवलं. ही तर आपली म्हातारी! शनिवारी मारुतीला जिची पानं वाहतो त्या रुईची आणि मिल्कवीडची वनस्पतिशास्त्रात जवळची भावकी आहे. दोघींच्या बियांना सारखीच पांढरी झुबकेदार शेपटी. लहानपणी आम्ही म्हातारीमागे धावायचो, हे गृहस्थ तिच्याकडे वारा विचारत होते. ती वीसेक पावलं आडवी तरंगत गेली, मग अलगद वाकली आणि खालच्या घळीत उतरली. त्यांचा चेहरा उतरला.

पाऊण तासाने त्याच घळीतून एक मादी वर आली. पांढऱ्या शेपटीचं हरीण, तिथल्या भाषेत व्हाइटटेल. चाळीसेक पावलांवर थबकली. मान वर, नाकपुड्या फुललेल्या. जिभेने नाक ओलं केलं, पुढचा पाय दोनदा आपटला, फुस्सकन मोठा फुस्कारा टाकला आणि शेपटीचा पांढरा झेंडा उभारून नाहीशी झाली. आम्ही हललो नव्हतो, बोललो नव्हतो. आपल्याकडचे जुने शिकारी म्हणायचे तसा तिला ‘वारा लागला’ होता.

तिला नेमकं काय लागलं? घाम मुळात जवळजवळ बिनवासाचा असतो. काखेतल्या ग्रंथींतून तेलकट स्राव येतो, त्वचेवरचे जिवाणू तो मोडतात आणि त्यातून उग्र वासाची आम्लं आणि गंधकयुक्त रेणू सुटतात. शिवाय त्वचेच्या मृत पेशींचा कोंडा सतत गळत असतो आणि त्यावर हेच जिवाणू स्वार असतात. हे सगळं अंगाजवळ थांबत नाही. स्वस्थ बसलेलं माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. त्या उबेने अंगालगतची हवा पायांपासून डोक्याकडे चढते आणि डोक्यावरून धुरासारखी वर जाते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गॅरी सेटल्स यांनी श्लीरेन नावाच्या प्रकाशतंत्राने हा एरवी न दिसणारा झोत दाखवला आहे. स्टँडवरचा माणूस म्हणजे झाडाला टांगलेली उदबत्तीच.

आणि ती हुंगणारं नाक कसलं! गंधरेणू ओळखणाऱ्या ग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं. २००४ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. माणसात यातली सुमारे ४०० जनुकं चालू आहेत. हरणासारखीच रवंथ करणारी, त्याची दूरची नातलग गाय घ्या, तिच्यात ती हजाराच्या वर आहेत. याशिवाय टाळूशी जेकबसनचं इंद्रिय असतं. बोकड वरचा ओठ उचलून दात विचकतो ना, तेव्हा मादीचा वास तो तिकडे ओढून घेत असतो; व्हाइटटेलचा नरही तेच करतो. डोळ्यांपुढच्या, पायांवरच्या, खुरांमधल्या ग्रंथींचे वास ही तर या हरणांची रोजची बोलभाषा.

यावर तिथे उपायांचा मोठा बाजार आहे. सगळेच फोल नाहीत. बिनवासाच्या साबणाने आंघोळ केली की जिवाणूंचं खाद्य कमी होतं. खाण्याचा सोडा खरंच काम करतो: आम्लाशी संयोग होऊन क्षार बनतो, क्षार उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचतही नाही. रबरी बूट वास धरून ठेवत नाहीत, त्यामुळे पायवाटेवर माग कमी राहतो.

सक्रिय कोळशाच्या कपड्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत रेणू अडकतात हे खरं, पण छिद्रं भरतात. कारखान्यात कोळसा पुन्हा ताजा करायला शेकडो अंशांची भट्टी लागते. घरच्या ड्रायरच्या उबेने त्यातलं थोडंच सुटतं. शिवाय तोंड उघडं, गळपट्टा उघडा, श्वास चालू. वन्यजीव संशोधक जॉन शिविक यांनी असे कपडे घातलेली आणि साधे कपडे घातलेली माणसं लपवून त्यांच्यावर शोधकुत्रे सोडले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कपड्यांनी कुत्र्यांना चकवलं नाही. ओझोनची यंत्रंही मिळतात. ओझोन काही रेणू तोडतो, काहींना हातही लावत नाही, आणि आपल्या फुप्फुसांना अपाय करतो तो वेगळाच.

मादीच्या मूत्राचं आमिष हा तर काळजीचाच विषय. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो आणि ती प्रथिनं मूत्रातूनही बाहेर पडतात. बाटलीतून रोग नव्या रानात जाऊ नये म्हणून अनेक राज्यांनी असली आमिषं बंद केली. याच पेनसिल्व्हेनियात बेसुमार शिकारीने हरणं इतकी संपली होती की १९०६ पासून बाहेरून आणून सोडावी लागली. आज लांडगे नाहीत, हरणं उदंड आहेत, आणि परवान्यांचा हिशेब सरकार ठेवतं. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिकडचं गणित वेगळं आहे.

वास पुसता येत नाही, मग उरते ती हवा. उंचीचा थोडा फायदा होतो, वास जवळच्या हरणाच्या डोक्यावरून जातो, पण पुढे भोवऱ्यांत सापडून तो खाली येतोच. तोही सलग पट्ट्यासारखा नाही, तर तुटक दोऱ्यांसारखा. म्हणून हरीण दहा पावलं निर्धास्त चालतं आणि अकराव्याला दचकतं. डोंगरात याहून मोठी गोष्ट उताराची. रात्री उतार थंड होतो, त्याला लागलेली हवा जड होऊन पाण्यासारखी घळीत, ओढ्यात वाहते. उन्हं उतारावर आली की तीच हवा तापून वर चढू लागते. हरणं पहाटे खालून चरून वर बसायला निघतात, म्हणून सकाळचा स्टँड त्यांच्या वाटेच्या वरच्या अंगाला बांधतात: वास माथ्याकडे, हरणं खाली. आमचा हिशेबही तोच होता, पण त्या दिवशी आभाळ होतं. ऊन आलंच नाही, हवा उताराने खालीच वाहत राहिली आणि आमचा वास घेऊन थेट मादीच्या नाकाशी गेली. म्हातारीने ते आधीच सांगितलं होतं.

संध्याकाळी आम्ही दुसऱ्या स्टँडवर बसलो, पार खाली, ओढ्याच्या काठावर. आभाळ निवळलं होतं. सूर्य सोंडेआड गेल्यावर काही मिनिटांतच मानेला गारवा लागला. शेजाऱ्यांनी दुसरी म्हातारी सोडली. ती उताराकडे पाठ करून ओढ्यावर गेली आणि पाण्याबरोबर, पाण्याच्याच वेगाने खाली निघाली. अंधारता अंधारता वरून दोन माद्या आणि एक पाडस उतरलं. पाडस आमच्या शिडीपासून बारा पावलांवर आलं, नाक वर करून हवा चाखली आणि गळलेली ओकची फळं कुरकुर आवाज करत खायला लागलं. शेजाऱ्यांनी धनुष्य मांडीवरून उचललंच नाही. खाली ओढ्यावर आमचा वास वाहत होता, तिथे कोणीच नव्हतं.