लेझरचा प्रकाश सांध्यापर्यंत पोचतो का?

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट घट्ट दाबून धरा. बोट लालभडक दिसतं. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो, पण त्यातला निळा आणि हिरवा भाग रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि लाल तेवढा बाहेर येतो. लालच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश याहून खोल जातो. त्याच्याही पुढे गेलं की पेशींमधलं पाणीच प्रकाश अडवायला लागतं. साधारण ६०० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या या पट्ट्यात प्रकाशाला शरीरात शिरायला वाव मिळतो. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या दुखऱ्या कंबरेवर पशुवैद्य जो लेझर फिरवतात, तो याच पट्ट्यातला असतो.

अशा प्रकाशाने जखम भरते, दुखणं कमी होतं, ही कल्पना योगायोगाने सुचली. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. त्यानंतर काही वर्षांतच बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एन्ड्रे मेस्टर उंदरांवर लेझरचे प्रयोग करू लागले. त्यांना शोध घ्यायचा होता कर्करोगाशी संबंधित प्रश्नांचा. उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून त्यांनी माणकाच्या लेझरचा मंद लाल प्रकाश सोडला, तर ज्यांच्यावर प्रकाश पडला त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. ही १९६७ च्या सुमाराची गोष्ट. पुढे मेस्टर यांनी माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर हाच उपाय करून पाहिला. म्हणजे या उपचारपद्धतीचे पहिले लाभार्थी प्राणीच होते.

ऊती कापणारा किंवा जाळणारा लेझर वेगळा. इथे प्रकाशाने पेशीतल्या रसायनांना चालना द्यायची असते. सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण असं: पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याच्या साखळीतली ही शेवटची कडी. सुजलेल्या, दुखावलेल्या पेशीत नायट्रिक ऑक्साइडचे रेणू या विकराला चिकटून त्याचं काम मंदावतात. लाल आणि अवरक्त प्रकाश हे विकर शोषतं, तेव्हा ते रेणू सुटे होतात, पेशीतलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं आणि मोकळ्या झालेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रशियन शास्त्रज्ञ टीना कारू यांनी या दिशेने बरंच काम केलं. हे चित्र अजून पूर्ण झालेलं नाही, पण प्रयोगशाळेतल्या पेशींवर प्रकाशाचा परिणाम होतो हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

खरी अडचण मात्रेची आहे, आणि माझ्या मते प्राण्यांच्या लेझर उपचारांबद्दलचं निम्मं बोलणं इथेच अडायला हवं. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, तशी इथे ती दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल (ऊर्जेचं एकक) अशी मोजतात. मोठ्या कुत्र्याच्या खुब्याभोवतीचा १०० चौरस सेंटिमीटर भाग धरू. तिथे दर चौरस सेंटिमीटरला १० ज्यूल द्यायचे तर एकूण १००० ज्यूल लागतील. अर्ध्या वॉटच्या यंत्राला त्यासाठी तेहतीस मिनिटं लागतात, १० वॉटच्या यंत्राला शंभर सेकंद. अर्ध्या वॉटपेक्षा जास्त शक्तीचे, सुरक्षेच्या वर्गवारीत चौथ्या वर्गात मोडणारे लेझर दवाखान्यांना का हवेसे वाटतात ते यावरून कळेल. तेहतीस मिनिटं एका जागी पडून राहणारा कुत्रा कुठून आणणार? पण शक्ती वाढली की त्वचा तापते, म्हणून मोठ्या लेझरचं टोक सतत फिरतं ठेवावं लागतं.

आणि हे सगळे ज्यूल पडतात ते कातडीवर. सांधा त्याखाली. मध्ये केस, त्वचा, चरबी, स्नायू. काळ्या केसांतलं आणि काळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य याच तरंगलांबीचा प्रकाश भराभर शोषतं, त्यामुळे काळ्या कुत्र्याच्या सांध्यापर्यंत कमी प्रकाश पोचतो आणि त्याची त्वचा मात्र लवकर तापते. मात्रा ठरवताना वजन, रंग आणि केसांची दाटी विचारात घ्यावी लागते. कमी पडली तर काही घडत नाही आणि जास्त झाली तर फायदा उलट घटतो, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

कदाचित म्हणूनच कुत्र्यांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष असे उलटसुलट आहेत. लांब पाठीच्या डॅशहंडसारख्या कुत्र्यांची मणक्यातली चकती सरकून मागचे पाय लुळे पडतात. २०१२ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर लेझर दिलेले कुत्रे बाकीच्यांपेक्षा बरेच लवकर चालू लागले. २०१७ मध्ये असाच प्रश्न घेऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी करून आणि तपासणाऱ्यांना गट न सांगता अभ्यास झाला. त्यात फरक दिसला नाही. कुत्र्यांच्या उघड्या जखमांवरच्या २०१५ च्या अभ्यासातही लेझरने जखम लवकर भरली नाही. उलट, कोपराच्या संधिवाताने लंगडणाऱ्या वीस कुत्र्यांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आशादायक निघाला. दर चौरस सेंटिमीटरला १० ते २० ज्यूल, सहा आठवडे. लेझर मिळालेल्या अकरापैकी नऊ कुत्र्यांचं वेदनाशामक कमी करता आलं, प्रकाश न देता नुसतं यंत्र फिरवलेल्या नऊपैकी एकाचंही नाही. वीस कुत्रे हा आकडा छोटा आहे, तरी हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण औषध कमी होणं ही मोजता येणारी गोष्ट आहे.

‘कुत्र्याला कुठे माहीत असतं आपल्याला उपचार देतायत ते, मग मनाचा परिणाम कसा होईल?’ असं अनेकजण विचारतात. कुत्र्याला माहीत नसतं, पण घरच्यांना असतं. संधिवात असलेल्या ५८ कुत्र्यांना औषध म्हणून नुसतंच प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिल्याची माहिती २०१२ मध्ये तपासली गेली. पाय जमिनीवर किती जोराने टेकतो हे मोजणारी पट्टी काहीच बदल दाखवत नव्हती, तेव्हाही सुधारणा झाल्याचं मालकांना वाटत होतं. तपासणाऱ्या पशुवैद्यांनाही वाटत होतं. यात कुणाची लबाडी नाही. जिवापाड जपलेल्या जनावराला बरं वाटावं ही इच्छाच डोळ्यांवर येते. पण त्यात फसतं ते मुकं जनावर. दुखणं तसंच राहतं आणि आपण मात्र निर्धास्त होतो.

म्हणून वेदनाशामक परस्पर बंद करू नये आणि माणसांची गोळी परस्पर देऊही नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते निकामी करणारी रासायनिक वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. मांजरांना देता येतील अशी दुखण्यावरची औषधं फार थोडी, आणि म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं आधीच थकलेली. त्यांच्यासाठी लेझर खरोखर कामी आला तर त्याचं मोल मोठं आहे.

लेझर सुरू असताना खोलीतल्या सगळ्यांनी, जनावरानेसुद्धा, त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा लावायचा असतो. अवरक्त प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो. कर्करोगाच्या गाठीवर आणि गाभण जनावराच्या पोटावर तो देत नाहीत. खेळण्यातला लेझर पॉइंटर दुखऱ्या पायावर धरून काही होत नाही, त्याची शक्ती काही मिलिवॉट असते.

उपचार सुरू करण्याआधी पशुवैद्यांना तरंगलांबी, मात्रा आणि किती बैठकांनंतर परिणाम तपासणार ते विचारा. वजन उतरवणं आणि गुळगुळीत फरशीवर रबरी पायपुसण्या टाकणं त्याच दिवशी सुरू करता येतं. पहिल्या बैठकीच्या आधी कुत्रा त्याच गॅलरीत, त्याच वेळी चालताना मोबाइलवर टिपून ठेवा. मांजर असेल तर खिडकीवर उडी मारताना. सहा आठवड्यांनी पुन्हा टिपा, आणि दोन्ही चित्रफिती, आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे न सांगता, शेजाऱ्याला दाखवा.