युद्ध संपल्याची तारीख कोणती? फ्रान्समध्ये वाद अजून चालूच

पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी, के ब्रांलीवर तीन उंच खांब उभे आहेत. त्यांवर निळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगांत विजेची अक्षरं सरकत राहतात. अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशियात 1952 ते 1962 या काळात फ्रान्ससाठी लढताना मेलेल्या सुमारे 23 हजार जणांची ही नावं. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी 5 डिसेंबर 2002 रोजी या स्मारकाचं उद्घाटन केलं आणि पुढच्याच वर्षी 5 डिसेंबर हा या मृतांचा राष्ट्रीय स्मृतिदिन ठरला. खुद्द अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात या तारखेला काहीच महत्त्व नव्हतं. सरकारला ती सोयीची वाटली ती त्यामुळेच.

गैरसोयीची तारीख होती 19 मार्च. फ्रान्स आणि अल्जीरियन स्वातंत्र्यवादी यांच्यातल्या एव्हियाँ करारावर 18 मार्च 1962 रोजी सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शस्त्रसंधी लागू झाली. कुठल्याही युद्धाचा शेवट अशाच तारखेला मानतात. पण फ्रान्समध्ये या दिवसाला मान द्यायचा की नाही, यावर साठ वर्षं भांडण आहे, आणि ते समजून घ्यायचं तर युद्धातून कोण कसं परतलं ते पाहावं लागतं.

अल्जीरिया ही फ्रान्सच्या लेखी वसाहत नव्हतीच. 1848 पासून तिथे फ्रान्सचे अधिकृत जिल्हे होते आणि दहा लाखांच्या आसपास युरोपीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्या जवळजवळ नऊपट असलेल्या मुस्लिम रहिवाशांना मात्र बरोबरीचे हक्क नव्हते. 1 नोव्हेंबर 1954 रोजी स्वातंत्र्यवाद्यांनी उठाव केला, तेव्हा सरकारने त्याला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटलं. आपल्याच भूमीवर आपण युद्ध कसं करू, हा त्यामागचा युक्तिवाद. सरकारी कागदोपत्री ‘अल्जीरियाचं युद्ध’ हे शब्द यायला ऑक्टोबर 1999 चा कायदा व्हावा लागला. या ‘सुव्यवस्थे’साठी सक्तीच्या लष्करी सेवेतली 12 लाखांहून अधिक तरुण मुलं समुद्रापार गेली. त्यातल्या काहींनी छळ करताना पाहिलं, काहींनी केला, आणि बहुतेक जण घरी येऊन गप्प बसले. त्यांच्यासाठी 19 मार्च म्हणजे सुटका. त्यांच्या संघटनेच्या आग्रहामुळे गावोगावच्या रस्त्यांना ‘19 मार्च 1962’ हे नाव मिळालं.

युरोपीय वंशाच्या लोकांचं, म्हणजे ‘पिए-न्वार’ मंडळींचं, सगळं त्याच तारखेनंतर बुडालं. 26 मार्चला अल्जिअर्सच्या इझ्ली रस्त्यावर त्यांच्या जमावावर गोळीबार झाला, तोही फ्रेंच लष्कराकडूनच. 5 जुलैला ओरान शहरात युरोपीयांची कत्तल झाली. उन्हाळा संपेपर्यंत लाखो लोक हातातल्या सामानानिशी मार्सेच्या बंदरावर उतरले होते आणि स्वागताला कोणी उत्सुक नव्हतं.

सगळ्यात वाईट वेळ आली हार्कींवर. फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेले हे अल्जीरियन. शस्त्रसंधीनंतर त्यांची शस्त्रं काढून घेण्यात आली. त्यांना परस्पर फ्रान्सला आणू नका, असे लेखी आदेश मे 1962 मध्ये पॅरिसहून निघाले. मागे राहिलेल्यांपैकी हजारो मारले गेले. काही अधिकाऱ्यांनी आदेश धुडकावून आपली माणसं आणली, पण आलेल्या कुटुंबांच्या नशिबी रिव्हसाल्तसारख्या छावण्या आल्या. तारांचं कुंपण, बाहेर जायला परवानगी. काही छावण्या 1975 पर्यंत चालल्या, आणि त्याही तिथे वाढलेल्या मुलांनी बंड केलं तेव्हा बंद झाल्या. या घरांत 19 मार्च हा विश्वासघाताचा दिवस आहे.

या तिघांखेरीज फ्रान्समध्येच राबणारे अल्जीरियन कामगार होते. 17 ऑक्टोबर 1961 रोजी फक्त त्यांच्यावर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध त्यांनी पॅरिसमध्ये शांततेने मोर्चा काढला. पोलिसांनी डझनावारी माणसं मारली, काहींना सेनमध्ये फेकलं. सरकारी आकडा कित्येक वर्षं तीनवरच अडकला होता. तेव्हाचे पोलीसप्रमुख मोरिस पापों पुढे मंत्री झाले. 1998 मध्ये त्यांना शिक्षा झाली, पण ती दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना छळछावण्यांकडे रवाना केल्याबद्दल.

न्यायालयात काही जाणारच नव्हतं, कारण 1962 पासून एकामागून एक माफीचे कायदे झाले. अल्जीरिया सोडायला विरोध म्हणून 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याविरुद्ध बंड करणाऱ्या सेनापतींना 1982 मध्ये समाजवादी मितराँ सरकारने हुद्दे परत दिले, तेही स्वपक्षातला विरोध मोडून. माझ्या मते सगळ्यात महाग पडली ती हीच माफी. गुन्हेगार सुटले हा एक भाग, पण कोणी काय केलं याची सर्वांसमोर एकदाही नोंद झाली नाही, आणि प्रत्येक घर आपापली हकीकत तेवढी सांगत राहिलं.

राज्ययंत्रणेत तर हे युद्ध आजही कामावर आहे. फ्रान्सच्या सध्याच्या, म्हणजे पाचव्या प्रजासत्ताकाची राज्यघटना 1958 च्या अल्जिअर्समधल्या, युरोपीय रहिवासी आणि लष्कराच्या उठावाने घडवून आणली. आणीबाणीचा कायदा एप्रिल 1955 चा, अल्जीरियासाठी केलेला. 2005 मध्ये उपनगरांत दंगली पेटल्या तेव्हा तोच बाहेर काढून संचारबंदी लावली गेली, आणि तिथल्या अनेक मुलांचे आजोबा 1961 ची संचारबंदी भोगलेले होते. राजकारणातही तेच. 1961 च्या बंडातले सेनापती सालां यांचा वकील 1965 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि पाचेक टक्के मतं घेऊन गेला. त्याचा प्रचार सांभाळणारे, अल्जीरियात लढून आलेले झाँ-मारी ल पेन यांनी 1972 मध्ये नॅशनल फ्रंट हा कडवा उजवा पक्ष उभा केला.

तारखेचं म्हणाल तर, 19 मार्चला मान्यता देणारं विधेयक कनिष्ठ सभागृहाने जानेवारी 2002 मध्ये संमत केलं होतं. सिनेटमध्ये ते पुढची दहा वर्षं पडून राहिलं आणि 2012 च्या अखेरीस कायदा झाला. 5 डिसेंबर मात्र रद्द झाला नाही, त्यामुळे एकाच युद्धाला आता दोन स्मृतिदिन आहेत. बेझिए शहराने 2015 मध्ये आपल्या ‘19 मार्च’ रस्त्याचं नाव बदलून 1961 च्या बंडात सामील झालेल्या एका अधिकाऱ्याचं नाव दिलं.

इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी एकेका गटाशी वेगळं बोलायची वाट धरली. 2018 मध्ये गणितज्ञ मोरिस ओदँ यांच्या 1957 मधल्या, फ्रेंच सैन्याच्या ताब्यात असतानाच्या मृत्यूची जबाबदारी राज्याने घेतली, 2021 मध्ये हार्कींची माफी मागितली गेली, जानेवारी 2022 मध्ये इझ्ली रस्त्यावरच्या गोळीबाराचा नंबर लागला. मार्च 2024 मध्ये 17 ऑक्टोबरच्या हत्यांचा निषेध करणारा ठराव संसदेत आला. तो 67 विरुद्ध 11 मतांनी संमत झाला. विरोध केला तो ल पेन यांच्या पक्षाच्या वारसांनी. सभागृह 577 जणांचं आहे.