‘दी’ लागला म्हणजे सरदार घराणे? इटालियन आडनावांविषयी खुलासा

इटालियन आडनावात आधी ‘दी’ किंवा ‘दे’ असेल तर ते कुटुंब सरदार घराण्यातले, असे वर्षानुवर्षे फिरत आले आहे.

ते खरे नाही. फ्रेंच ‘द’ आणि जर्मन ‘फॉन’वरून हा समज झाला असावा, तिथेही हे गणित दर वेळी जुळत नाही. इटलीत या शब्दाचे काम ‘चा’ एवढेच. ‘दी स्तेफानो’ म्हणजे स्तेफानोचा मुलगा. ‘दे लूका’ तसेच, लूकाचा. अशी आडनावे दक्षिणेत, काम्पानियापासून सिसिलीपर्यंत, शेतकरी-मजुरांत भरपूर सापडतात. पुढे गावाचे नाव असेल तर बहुधा पूर्वज तिथून आलेला, आपल्या ‘कर’सारखा.

पडताळा घ्यायचा तर आधी पूर्वजाचे नेमके गाव शोधा. नुसत्या आडनावावरून काही हाती लागत नाही. मग तिथली नागरी जन्मनोंद पाहा. नेपल्सच्या जुन्या राज्यात, म्हणजे दक्षिण इटलीच्या मुख्यभूमीत, या नोंदी 1809 पासून, सिसिलीत 1820 पासून आहेत. बऱ्याच आता ऑनलाइन वाचता येतात. नोंदीत बापाचा धंदा लिहिलेला असतो. ‘कोंतादीनो’ म्हणजे शेतकरी, ‘ब्राच्चाले’ म्हणजे मजूर. प्रतिष्ठितांच्या नावाआधी बहुधा ‘दोन’ (Don) हा आदरार्थी शब्द असतो, पण तेवढ्याने सरदारकी सिद्ध होत नाही.

शोध बहुतेकदा अडतो तो लेखनात. कारकून ‘दी स्तेफानो’ कधी तोडून, कधी जोडून लिहीत, म्हणून दोन्ही रूपे तपासा. ‘दी’चे पहिले अक्षर लहान की मोठे, यावरूनही कुळ ठरवू नका.