गिअरच्या दोन दात्यांमधला तेलाचा पापुद्रा

बसून चालवायच्या गवत कापणी यंत्रात पाती ज्या पत्र्याच्या डेकखाली फिरतात, त्या डेकवर काही यंत्रांत एक लहानसा गिअरबॉक्स असतो. पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांत तो बहुधा नसतो. जिथे इंजिनाची ताकद आडव्या शाफ्टने येते आणि पातं उभ्या शाफ्टवर फिरतं, तिथे काटकोनात वळण घ्यायला बेव्हल गिअरची, म्हणजे शंकूसारख्या उतरत्या गिअरची, जोडी लागते. तिला तेल लागतं अगदी थोडं, आणि म्हणूनच ते बदलायचं वर्षानुवर्षं राहून जातं.

पण त्या थोड्या तेलाचं काम बघण्यासारखं आहे. गिअरचे दाते एकमेकांना पूर्ण रुंदीने भिडत नाहीत, एका अरुंद पट्ट्यावर भिडतात. सगळा भार तेवढ्या जागेत एकवटला की दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १०,००० पटीपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या दाबाखाली तेल पिळून बाहेर का पडत नाही? कारण दाबाबरोबर तेल झपाट्याने घट्ट होतं. दाब आणि दाटपणा यांचं हे नातं अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल बारुस यांनी १८९३ मध्ये मांडलं. गिअरच्या दात्यांमध्ये अडकलेलं तेल क्षणभर जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं, आणि पोलादच किंचित दबून त्याला जागा करून देतं. तेल घट्ट होण्याचं आणि पोलाद दबण्याचं, ही दोन्ही गणितं डाउसन आणि हिगिन्सन या ब्रिटिश अभियंत्यांनी १९५९ मध्ये एकत्र सोडवून दाखवली. तेलाचा तो पापुद्रा बहुधा एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आतबाहेरचा असतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. मला हे यंत्रशास्त्रातलं सर्वांत सुंदर आश्चर्य वाटतं.

पातं ओल्या गवताच्या गठ्ठ्यात अडकून हिसका बसला की हा पापुद्रा फाटू शकतो. मग धातूला धातू घासतो आणि ती जागा तापते. गिअर ऑइलमधली गंधक आणि फॉस्फरसची संयुगं नेमकी त्या उष्णतेने जागी होतात आणि लोखंडावर एक पातळ थर चढवतात. दाता झिजायच्या आधी तो थर झिजतो. नव्या गिअर ऑइलला जो उग्र वास येतो, तो या गंधकाचाच. पण हीच संयुगं काही वेळा पितळ आणि काशाला मारक ठरतात, म्हणून कोणतं तेल घालायचं ते यंत्राच्या पुस्तिकेत बघावं. काही गिअरबॉक्समध्ये तेलाऐवजी पातळ ग्रीस असतं. त्यात तेल मिसळू नये. आणि गिअर ऑइलच्या नावातल्या ९० या आकड्याला बिचकू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तिथलं ९० हे इंजिन ऑइलच्या ४० किंवा ५० इतकंच दाट असतं.

तेल बदलायच्या आधी यंत्र थोडं चालवून घ्या, गरम तेल कचरा घेऊन सहज उतरतं. मग इंजिन बंद करा, पाती थांबू द्या, किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायरही काढा. बुचाभोवतीचं गवत पुसून टाका. आधी भरायचं बूच उघडून बघा. तेल काढून झाल्यावर ते गंजून बसल्याचं कळलं, तर कोरडा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. खाली बूच नसेल तर वरच्या भोकातून नळी घालून तेल ओढून घ्यावं.

निघालेलं तेल घाईने फेकू नका, आधी चिमटीत घेऊन चोळून बघा. बुचाला चुंबक असेल आणि त्यावर काजळीसारखा राखाडी लगदा असेल तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारा कण लागला तर दात्याचा किंवा बेअरिंगचा तुकडा उडालाय. तेल दुधट झालं असेल तर आत पाणी शिरलंय. तापलेल्या गिअरबॉक्सच्या डब्यावर गार पाण्याचा फवारा मारला की आतली हवा आकसते आणि श्वासछिद्रातून पाणी ओढून घेते. माझ्या मते या लहान डब्यांचा खरा शत्रू हा पाण्याचा थेंबच आहे.

नवं तेल भरताना यंत्र सपाट जागेवर हवं. पातळीच्या भोकातून थेंब बाहेर यायला लागला की थांबा. जास्त भरलं तर गिअर ते घुसळतात, फेस होतो, डबा तापतो आणि दाब वाढून तेल शाफ्टभोवतीच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यातून, बाहेर येतं. शेवटी खालच्या शाफ्टला गुंडाळलेले गवताचे दोरे कापून काढा; सीलच्या ओठाला तेच घासतात.