प्रोटॉन थेरपी: खारघरची गाडी धरण्याआधी कोल्हापुरातच जमवायचे कागद

‘प्रोटॉनचा फॉर्म कुठं मिळतो?’ असं वरचेवर विचारलं जातं. असा फॉर्म नसतो. प्रोटॉन थेरपी म्हणजे कॅन्सरवरचं एक खास रेडिएशन. ती आपण मागून मिळत नाही, डॉक्टरांनी केस बघून सुचवावी लागते. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाचं नवी मुंबईत खारघरमधलं अ‍ॅक्ट्रेक. तिथं 2023 पासून प्रोटॉनवर रुग्ण घेतात. चेन्नईच्या अपोलोत 2019 पासून सोय आहे, पण ते खासगी रुग्णालय.

नेहमीच्या रेडिएशनचा किरण गाठीतून आरपार जातो आणि पलीकडच्या चांगल्या भागालाही लागतो. प्रोटॉनचा किरण शरीरात ठरलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथंच थांबतो. म्हणून लहान मुलांच्या मेंदूतल्या किंवा मणक्याजवळच्या गाठी, कवटीच्या तळाच्या गाठी आणि पूर्वी रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा द्यावं लागणारे रुग्ण यांचा विचार आधी होतो. कॅन्सर अंगभर पसरला असेल तर सहसा याचा उपयोग नसतो. ‘तुम्हाला प्रोटॉन नको’ असं सांगितलं की घरचे हातपाय गाळून बसतात. तसं करू नका. बऱ्याच कॅन्सरांत साधं रेडिएशनच योग्य असतं.

नोंदणी सोपी आहे: आधार, आधीचे रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी. रुग्ण जनरल वर्गात घ्यायचा की प्रायव्हेट हे तिथंच विचारतात. दरात मोठा फरक असतो, तेव्हा घाईत सही करू नका.

अडतं ते पुढं. बायोप्सीचा नुसता कागदी रिपोर्ट चालत नाही. टाटामध्ये तपासणी पुन्हा करतात, त्यासाठी काचा (स्लाइड) आणि गाठीचा तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक लागतो. हे बायोप्सी तपासलेल्या लॅबमध्ये असतं. लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन मागा.

पूर्वी रेडिएशन झालं असेल तर लागणारा दुसरा कागद तर जवळजवळ कुणाकडेच नसतो: आधीच्या रेडिएशनचा पूर्ण प्लॅन. डिस्चार्ज कार्डावर ‘रेडिएशन दिले’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरून कुठल्या भागाला किती डोस गेला ते कळत नाही. सीटी, प्लॅन आणि डोस असा सगळा डेटा डायकॉम (स्कॅनच्या मूळ कॉम्प्युटर फाइल) स्वरूपात सीडीवर मागा. माझ्या ओळखीच्या एका मावशींना ‘मशीन बदललं, जुनं काही नाही’ म्हणून तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी लेखी अर्ज दिला, तेव्हा दोन दिवसांत सीडी हातात पडली. म्हणजे होती की!

आता पैसा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, वार्षिक उत्पन्न 1.60 लाखांच्या आत. हा दाखला काढल्यापासून वर्षभर चालतो असा समज आहे. चालत नाही. त्यावर 31 मार्चची मुदत छापलेली असते. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये बाद! पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू, आणि चंदगडच्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडाली. दाखल्यावरची मुदत वाचून बघायला सांगणारं खिडकीवर कुणी नसतं, म्हणून इथं सांगतोय.

रुग्ण लहान मूल असेल तर आईचं आधार जोडा. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलंय का, तेही आजच बघा. खर्चाचं अंदाजपत्रक मूळ प्रत हवी. रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्रही लागतं. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ‘आधी उपचार उरकू, मग अर्ज करू’ म्हणणारे इथंच फसतात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचंही तेच. अर्ज वेगळा, कागद बरेचसे सारखेच, म्हणून झेरॉक्स दोन संच काढा.

उपचार सोमवार ते शुक्रवार, बहुतेकांना कित्येक आठवडे. राहण्याचं पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात बोला. एसटीनं किंवा खासगी बसनं गेलात तर वाटेत कळंबोली लागते, खारघर तिथून जवळच. रेल्वेनं जाणार असाल तर रुग्णालयाकडून सवलतीचा दाखला घ्या: स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सूट.