क्रॅश रिपोर्टमधले हेक्स ॲड्रेस येतात कुठून: क्रॉस-प्लॅटफॉर्म बिल्ड, डीबग सिम्बॉल आणि बिटकोडचा इतिहास

क्रॉस-प्लॅटफॉर्म (एकाच कोडमधून आयफोन-अँड्रॉइड दोन्हींसाठी बनणाऱ्या) ॲपचा क्रॅश रिपोर्ट उघडला आणि त्यात फंक्शनच्या नावांऐवजी नुसते हेक्स ॲड्रेस, म्हणजे मेमरीतल्या जागांचे आकडे, दिसले की शिव्या फ्रेमवर्कला बसतात. बऱ्याचदा फ्रेमवर्कचा त्यात फारसा दोष नसतो, खरा घोळ असतो तो शेवटची बायनरी (मशीन कोडची तयार फाइल) कोणाच्या मशीनवर बनली आणि तिचे सिम्बॉल (कोणता ॲड्रेस कोणत्या फंक्शनचा हे सांगणारी माहिती) कोणाकडे राहिले यात. प्रश्न जुनाच आहे, पण २०१५ नंतर तो इतका वाढला की आधीचा सगळा काळ त्यापुढे किरकोळ वाटतो, म्हणून जुनं पटकन उरकतो.

सोर्स कोडपासून बायनरी बनवणं म्हणजे बिल्ड, आणि ते आपोआप करून देणारं मेक नावाचं टूल आलं १९७६ मध्ये. युनिक्सवर डीबग माहिती आधी स्टॅब्ज नावाच्या फॉरमॅटमध्ये सिम्बॉल टेबलातच कोंबलेली असायची, मग ८० च्या दशकाच्या शेवटाकडे सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या चौथ्या रिलीजसोबत ड्वार्फ हा वेगळा फॉरमॅट आला. विंडोजचा संसार वेगळा. तिथे पीडीबी नावाची वेगळी फाइल, तिच्यात एक ओळख क्रमांक, तोच क्रमांक बायनरीत, आणि दोन्ही जुळवायला सिम्बॉल सर्व्हर. या बाबतीत विंडोजवाल्यांना मानलं पाहिजे, सिम्बॉल बायनरीपासून वेगळे काढा, क्रमांकाने जुळवा आणि प्रत्येक रिलीजचे जपून ठेवा ही शिस्त तिकडे फार आधी रुळली. फॉरमॅट मात्र वर्षानुवर्षं बंद होता, शेवटी २०१५ मध्ये त्याचा सोर्स कोड गिटहबवर टाकला गेला तेव्हा बाहेरच्या कंपाइलरवाल्यांचं काम जरा सोपं झालं. लिनक्सकडे बायनरीला ओळख क्रमांक द्यायची बिल्ड आयडीची पद्धत २००७ च्या सुमारास आली.

मॅकवर २००६ च्या आसपास स्टॅब्जकडून ड्वार्फकडे जाताना एक निर्णय झाला, आणि पुढच्या बऱ्याच गमतीजमती त्यातून निघतात. तिकडचा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून बायनरी बनवणारं टूल) ड्वार्फ उचलून अंतिम बायनरीत टाकतच नाही. माहिती ऑब्जेक्ट फाइल्समध्येच, म्हणजे त्या तुकड्यांमध्येच, राहते, बायनरीत फक्त कोणता तुकडा कोणत्या ऑब्जेक्ट फाइलमधून आला याचा नकाशा असतो, आणि डीसिमयुटिल नावाचं टूल त्या नकाशावरून सगळं गोळा करून डीसिमचं बंडल, म्हणजे सिम्बॉलचं वेगळं फोल्डर, बनवतं. लिंकिंग झटपट होतं हा फायदा मोठाच आहे. पण याचा अर्थ असा की डायनॅमिक फ्रेमवर्कचं (ॲप चालताना जोडल्या जाणाऱ्या तयार लायब्ररीचं) डीसिम जिथे ते फ्रेमवर्क लिंक झालं तिथेच आणि ऑब्जेक्ट फाइल्स पुसायच्या आत बनवावं लागतं. तयार फ्रेमवर्क दुसऱ्याकडून आणलं आणि त्याने डीसिम दिलं नाही, तर ते नंतर बनवायला मार्ग नाही. यूयूआयडी, म्हणजे बायनरी आणि डीसिम दोन्हींतला ओळख क्रमांक, जुळला पाहिजे, आणि तोच सोर्स आपल्याकडे पुन्हा बिल्ड केला तरी बहुतेक वेळा तो जुळत नाही.

आता ॲपच्या दुनियेत तयार फ्रेमवर्क आणणं हा अपवाद नाही, नियम आहे. क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲपसाठीचं रिॲक्ट नेटिव्ह हे फ्रेमवर्क २०१५ मध्ये खुलं झालं, फ्लटर या दुसऱ्या फ्रेमवर्कचं १.० डिसेंबर २०१८ मध्ये आलं, गेमवाल्यांचं सी शार्पमधून सी प्लस प्लस बनवणारं आयएल२सीपीपी आयफोनवर २०१५ च्या सुरुवातीला आलं, ॲपलची ६४ बिटची सक्ती तोंडावर होती म्हणून. सगळीकडे इंजिन कोणीतरी दुसऱ्याने बनवलेलं, आपण वर आपला कोड चढवायचा. आणि नेमक्या याच वेळी, जून २०१५ मध्ये, बिटकोड आला.

बिटकोडवर जरा थांबतो, कारण सिम्बॉलच्या बाबतीत इतका वादग्रस्त निर्णय दुसरा नसेल. एक्सकोड ७ (आयफोन ॲप बनवायचं ॲपलचं टूल) सोबत ॲपलने सांगितलं की ॲप स्टोअरला अंतिम मशीन कोडसोबत एलएलव्हीएम या कंपाइलरचा मधला कोडही, म्हणजेच बिटकोड, पाठवा, म्हणजे आमच्याकडे नवा कंपाइलर आला किंवा नवा प्रोसेसर आला की तुमचं ॲप आम्हीच पुन्हा कंपाइल करू, तुम्ही नव्याने अपलोड करायची गरज नाही. आयफोनसाठी ऐच्छिक पण नव्या प्रोजेक्टमध्ये आपोआप चालू, ॲपलच्या घड्याळ आणि टीव्हीसाठी सक्तीचा. ऐकायला मस्त. पण मग वापरणाऱ्याच्या फोनवर जी बायनरी जाते ती तुमच्या मशीनवर बनलेलीच नसते, तिचा यूयूआयडी वेगळा, आणि तुमच्या आर्काइव्हमधलं (एक्सकोडने जपलेल्या बिल्डमधलं) डीसिम तिला लागू पडत नाही. खरं डीसिम स्टोअरच्या सर्व्हरवर बनणार, तिथून ते उतरवून घ्यायचं आणि मग आपल्या क्रॅश सेवेला चढवायचं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. अपलोड करताना सिम्बॉल पाठवू नका असं निवडलं असेल तर बिटकोडमधली फंक्शनची नावं झाकून त्या जागी हिडन आणि पुढे एक नंबर असं काहीतरी यायचं, मूळ नावांचा नकाशा तुमच्या आर्काइव्हच्या एका फोल्डरात, म्हणजे सर्व्हरवरून उतरवलेल्या डीसिममध्ये नावंच नाहीत आणि ती परत भरायला डीसिमयुटिल पुन्हा चालवायचं, तेही आर्काइव्ह अजून कोणाच्या तरी डिस्कवर शिल्लक असेल तर. बिल्ड सर्व्हरने ते पुसलेलं असलं की विषयच संपला. ॲपचं रिलीज आपोआप करणाऱ्या फास्टलेन या टूलमध्ये डीसिम उतरवण्याची वेगळी कृती आली ती या भानगडीमुळेच, आणि रिलीजची पाइपलाइन अपलोड झाल्यावर स्टोअरची प्रक्रिया संपेपर्यंत ताटकळत बसायची, मग डीसिम उतरवायची, मग दुसरीकडे चढवायची. प्रक्रिया लांबली की जॉब फेल, जॉब फेल झाला की त्या रिलीजचे क्रॅश हेक्समध्ये, आणि हे कळायचं तेव्हा ॲप लोकांच्या फोनवर गेलेलं असायचं.

क्रॉस-प्लॅटफॉर्मवाल्यांना याचा दुप्पट त्रास, कारण बिटकोड चालू ठेवायचा तर ॲपमधली प्रत्येक लायब्ररी बिटकोडसकट हवी. एका जरी तयार लायब्ररीत तो नसला तर लिंकर सरळ नकार द्यायचा, आणि त्यावर ऑनलाइन मिळणारं उत्तर एकच, बिटकोड बंद करा. रस्टसारख्या भाषांची वेगळी अडचण, त्यांचं एलएलव्हीएम आणि एक्सकोडमधलं एलएलव्हीएम एकाच आवृत्तीचं नसायचं. फ्लटरचा पेच तर मुळातलाच, त्याच्या डार्ट भाषेचा कंपाइलर थेट मशीन कोड काढतो, मध्ये एलएलव्हीएम येतच नाही, मग बिटकोड आणायचा कुठून? म्हणून सुरुवातीच्या फ्लटर प्रोजेक्टांमध्ये तो सरळ बंद ठेवलेला असायचा. आणि ज्यांनी इमानेइतबारे इंजिन बिटकोडसकट बनवून दिलं त्यांच्या फाइल्स फुगल्या, उतरवायला वेळ, साठवायला जागा, बिल्ड सर्व्हरच्या कॅशची वाट.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बिटकोड कोणत्याही प्रोसेसरला चालतो असं लोकांना वाटायचं, प्रत्यक्षात पॉइंटरचा आकार, कॉल करण्याची पद्धत वगैरे त्यात आधीच ठरून गेलेलं असतं, त्यामुळे ३२ बिटचं ॲप आपोआप ६४ बिटचं होणं शक्य नव्हतं. पण २०१८ मध्ये घड्याळाचा प्रोसेसर बदलला तेव्हा नवी रचना मुद्दाम अशी निवडली होती की प्रोसेसर ६४ बिटचा पण पॉइंटर ३२ बिटचेच, आणि त्यामुळे स्टोअरने जुनी घड्याळ ॲप्स स्वतःच नव्याने कंपाइल केली, डेव्हलपरांना हातही लावावा लागला नाही. म्हणजे योजना अगदीच हवेतली नव्हती, एकदा तरी कामाला आली. आता या एका यशासाठी सात वर्षं सगळ्यांच्या सिम्बॉलची वाट लावणं योग्य होतं का, तर माझ्या मते नाही, पण घड्याळाच्या टीममधल्या कोणाला विचारलं तर उत्तर वेगळं मिळेल.

२०२२ मध्ये एक्सकोड १४ ने बिटकोड निवृत्त केला, घड्याळ-टीव्हीची सक्तीही गेली. गाजावाजा नाही, रिलीज नोट्समध्ये थोडक्यात उल्लेख. स्टोअरकडून डीसिम उतरवायच्या स्क्रिप्टा मात्र कित्येक पाइपलाइनमध्ये पुढेही तशाच पडून राहिल्या.

अँड्रॉइडकडे बघितलं तर हा फरक चटकन लक्षात येतो. तिकडेही २०२१ च्या ऑगस्टपासून नव्या ॲप्सना ॲप बंडल सक्तीचं झालं, म्हणजे अंतिम एपीके (फोनवर बसणारी फाइल) स्टोअरच बनवतं आणि सहीसुद्धा तिकडेच होते, पण बंडलमधल्या नेटिव्ह (सी प्लस प्लस वगैरेच्या) लायब्ररीज तिकडे पुन्हा कंपाइल होत नाहीत, नुसत्या फोनप्रमाणे वाटल्या जातात, त्यामुळे बिल्ड आयडी तोच राहतो आणि तुमच्याकडची न स्ट्रिप केलेली (सिम्बॉल न काढलेली) फाइल लागू पडते. ग्रेडल या बिल्ड टूलच्या २०२० च्या अँड्रॉइड प्लगिन ४.१ पासून नेटिव्ह सिम्बॉल बंडलमध्येच घालून पाठवता येतात, एक पर्याय फक्त फंक्शनच्या नावांचा, दुसरा फाइल आणि ओळ क्रमांकांसकट. कोड आटवून नावं बदलणाऱ्या आर८ या टूलची मॅपिंग फाइलही (मूळ नावांचा नकाशा) बंडलमधून आपोआप जाते. या एका बाबतीत अँड्रॉइडचा मार्ग जास्त शहाणपणाचा ठरला.

सिम्बॉलपुरताच हं! बिल्ड टूलिंग टिकवायचं म्हटलं की अँड्रॉइडने जो छळ मांडला त्याला तोड नाही. आधी एक्लिप्स आणि अँट, मग ग्रेडल. एनडीकेमधलं (अँड्रॉइडच्या नेटिव्ह कोडसाठीच्या टूलसंचातलं) जीसीसी (कंपाइलर) २०१६ मध्ये नापसंत यादीत गेलं आणि एनडीकेच्या २०१८ च्या आर१८ आवृत्तीत काढूनच टाकलं, ज्यांच्या सी प्लस प्लस लायब्ररीज जुन्या रनटाइमवर बांधलेल्या होत्या त्यांना सगळं नव्याने बांधावं लागलं. ग्रेडल प्लगिन ७ ला जेडीके (जावाचा टूलसंच) ११ हवं, ८ ला १७ हवं, त्यात ग्रेडलची आवृत्ती वेगळी, कॉटलिनची वेगळी, आणि फ्रेमवर्कच्या जुन्या प्लगिनांना यातलं नेमकं एकच कॉम्बिनेशन चालतं. तयार लायब्ररीज जिथून उतरवल्या जायच्या ते जेसेंटर बंद होणार ही घोषणा २०२१ च्या फेब्रुवारीत झाली तेव्हा असंख्य बिल्ड फाइल्समध्ये ते नाव होतं.

तारखेनिशी लक्षात राहिलेला प्रसंग म्हणजे ४ नोव्हेंबर २०२२. रिॲक्ट नेटिव्हच्या अँड्रॉइड टेम्प्लेटमध्ये त्याच्याच लायब्ररीच्या आवृत्तीच्या जागी अधिकचं चिन्ह होतं, म्हणजे जी सर्वात नवी सापडेल ती घे. तोवर ती लायब्ररी एनपीएमच्या (जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरच्या) फोल्डरातूनच यायची म्हणून त्या चिन्हाने कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग ०.७१ ची चाचणी आवृत्ती पहिल्यांदाच मेव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या सार्वजनिक साठ्यावर चढली, आणि जगभरच्या जुन्या प्रोजेक्टांनी तीच उचलली, कोडमध्ये कोणी एक अक्षर न बदलता बिल्ड फुटले. मागच्या बऱ्याच आवृत्त्यांसाठी घाईघाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या. सिम्बॉलच्या दृष्टीने यातली गोची अशी की बिल्ड फुटलं म्हणून निदान कळलं, न फुटता थोडी वेगळी लायब्ररी आत गेली असती तर दोन महिन्यांपूर्वीच्या रिलीजचे सिम्बॉल पुन्हा बिल्ड करून मिळवू म्हणणाऱ्यांना वेगळीच बायनरी मिळाली असती आणि पत्ताही लागला नसता.

आज एका रिॲक्ट नेटिव्ह ॲपचे क्रॅश नीट वाचायचे तर जावास्क्रिप्टसाठी सोर्स मॅप, म्हणजे बनलेल्या कोडवरून मूळ ओळ शोधायचा नकाशा (हर्मिस हे जावास्क्रिप्ट इंजिन २०१९ मध्ये आल्यापासून तोही दोन मॅप एकत्र करून बनतो, एक बंडलरचा, म्हणजे सगळा कोड एका फाइलीत जोडणाऱ्या टूलचा, आणि एक बाइटकोडचा), जावा-कॉटलिनसाठी आर८ ची मॅपिंग, सी प्लस प्लससाठी न स्ट्रिप केलेल्या लायब्ररीज आणि आयफोनसाठी डीसिम, एवढा संसार प्रत्येक रिलीजसोबत सांभाळावा लागतो. यात सोर्स मॅप सगळ्यात बेभरवशाचा. त्याची तिसरी आवृत्ती २०११ पासून चालू आहे, औपचारिक मानक व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला, आणि मूळ आवृत्तीत फाइल आणि मॅपची जोडी आयडीवरून लावायची सोयच नव्हती, त्यामुळे चुकीचा मॅप लागला तरी तो बिनदिक्कत कोणती तरी ओळ दाखवतो. फ्लटरवाले २०२० पासून डीबग माहिती वेगळी काढायचा पर्याय वापरतात, ॲप लहान होतं, पण ते फोल्डर हरवलं तर ऑब्फस्केट केलेल्या (नावं मुद्दाम बदललेल्या) रिलीजचा ट्रेस कायमचा हेक्समध्येच.

२०२४ मध्ये एक्सकोड १६ आला आणि जुनी भुतं दोन्हीकडून उठली. ज्या तयार फ्रेमवर्कमध्ये बिटकोड अजून शिल्लक होता ती ॲप्स स्टोअर परत पाठवू लागलं, म्हणजे एके काळी ज्यासाठी मागे लागले होते तेच आता नाकारण्याचं कारण. दुसरीकडे, तयार फ्रेमवर्कसोबत डीसिम नसेल तर अपलोड करताना इशारा येऊ लागला, हर्मिसच्या आणि फ्लटरच्या इंजिनचं नाव आणि यूयूआयडी देऊन. अपलोड यशस्वी झालेलं असायचं, पण सिम्बॉल अपलोड अयशस्वी हे शब्द वाचून कित्येकांनी रिलीजच थांबवलं. २०२५ च्या ०.८१ मध्ये रिॲक्ट नेटिव्हचा आयफोनवरचा गाभाही आधीच कंपाइल करून देण्याचा प्रयोग सुरू झाला, बिल्डचा वेळ बराच वाचतो, पण जो भाग आजवर आपल्या मशीनवर बनत होता तोही आता बाहेरून येणार आणि त्याचं डीसिमही बाहेरूनच आणावं लागणार.

बिटकोड काढायचा उपाय म्हणून लोकांनी कोकोपॉड्स या लायब्ररीज आणून देणाऱ्या टूलच्या पॉडफाइलच्या शेवटी चार ओळींची स्क्रिप्ट टाकली, इन्स्टॉल झालं की ती प्रत्येक फ्रेमवर्कमधून बिटकोड खरवडून काढते. कोकोपॉड्सची मध्यवर्ती नोंद डिसेंबर २०२६ मध्ये फक्त वाचण्यापुरती उरणार हे आधीच जाहीर झालंय, फ्लटरसकट सगळे हळूहळू ॲपलच्या स्विफ्ट पॅकेज मॅनेजरकडे सरकतायत, आणि तिथे इन्स्टॉलनंतर स्वतःची स्क्रिप्ट चालवायची सोय नाही.