बचावासाठीच्या रायफल काडतुसांतील गोळ्या

जीविताच्या, घराच्या किंवा शेताच्या रक्षणासाठी कारखान्यात भरून विकल्या जाणाऱ्या रायफल काडतुसांना ज्या गोळ्या बसवतात, त्यांचे प्रकार. काडतुसात पितळी पुंगळी, बुडाची टोपी, दारू आणि गोळी असे चार भाग असतात. दारू गोळीला वेग देते. लक्ष्यात शिरल्यावर गोळी फुलेल, तुटेल, आडवी होईल की सरळ आरपार जाईल, हे मात्र तिच्या घडणीवर आणि त्या क्षणी उरलेल्या वेगावर ठरते. बचावाच्या कामात आरपार जाणे हाच मोठा दोष मानला जातो, कारण पलीकडे कोण उभे आहे हे गोळी झाडणाऱ्याला दिसत नाही.

सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार पूर्ण कवचाच्या गोळीचा, म्हणजे फुल मेटल जॅकेटचा. आत शिसे, वर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच. लष्करे हीच गोळी वापरतात आणि त्यामागे एक भारतीय प्रकरण आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात .३०३ (इंचाच्या मापाच्या) गोळीचे टोक उघडे ठेवून ती फुलण्याजोगी केली गेली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. पुढे १९१० मध्ये आलेली .३०३ ची मार्क ७ गोळी नियमाप्रमाणे पूर्ण कवचाची होती. पण टोकात ॲल्युमिनियमसारखे हलके भरण असल्याने तिचा भार मागे होता आणि शरीरात शिरताच ती कोलांटी घेई. कवच आहे म्हणून गोळी सौम्य, हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही. ५.५६ मिमीची ५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची एम १९३ गोळीही कवचाचीच. सेकंदाला सुमारे ८२० मीटरहून जास्त वेग असेपर्यंत ती आडवी होऊन कवचावरच्या गोल खाचेपाशी मोडते. वेग त्याखाली आला की बहुधा मोडत नाही. आखूड नळीतून गोळी मुळातच कमी वेगाने निघते, म्हणून ही मर्यादा लवकर गाठली जाते. हेगची मनाई युद्धापुरती आहे. पोलीस आणि परवानाधारक नागरिक यांना ती लागू होत नाही.

सॉफ्ट नोज गोळीत टोकाचे शिसे उघडे असते आणि आदळल्यावर ते छत्रीसारखे पसरते. हॉलो पॉइंटमध्ये टोकाला पोकळी असते. मात्र नेमबाजीच्या स्पर्धांतील उघड्या टोकाच्या मॅच गोळीचे छिद्र फुलण्यासाठी नसते. कवच टोकाकडून भरले जाते म्हणून ते उरते. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात, काम वेगळे करतात. प्लास्टिकचे टोक बसवलेल्या गोळ्यांत ते टोक हवेतला अडथळा कमी करते आणि आदळताच मागे ढकलले जाऊन गोळी फोडते. यातल्या पातळ कवचाच्या गोळ्या मूळच्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठीच्या. त्या लवकर फुटतात, पण जाड कपडे किंवा मोटारीची काच मध्ये आली तर पुरेशा खोल जात नाहीत. त्यावर उपाय म्हणून बाँडेड गोळी आली. तिच्यात शिसे कवचाला पक्के जोडलेले असते, त्यामुळे काचेतून गेल्यावरही दोन्ही सहसा वेगळे होत नाहीत. अमेरिकी पोलिसांत ती रुजली ती यामुळेच. संपूर्ण तांब्याची गोळी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात स्थिरावली; तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. दाबलेल्या धातुभुकटीची, पोलादी पाटीवर चुरा होणारी गोळी मुख्यतः सरावाची.

या गोळ्या जोखण्यासाठी शरीराच्या मांसाऐवजी १० टक्के जिलेटिनचा ठोकळा वापरतात. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ च्या मायामी गोळीबारानंतर जी चाचणीपद्धत बसवली, तिच्यात गोळी १२ ते १८ इंच खोल जाणे अपेक्षित आहे. जिलेटिनमध्ये हाडे नसतात, हे निकाल वाचताना विसरले जाते.

सोलापुरात हा विषय भिंतींपासून सुरू करावा लागतो. शहराच्या पूर्व भागात विणकर आणि यंत्रमाग कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या एकमेकींना खेटून आहेत. पत्रा रायफलच्या कोणत्याही गोळीला अडवत नाही. लवकर फुटणारी हलकी गोळी भिंतीपलीकडे तुलनेने कमी जोर घेऊन जाते, पण शेजाऱ्याला धोका नाही असे म्हणण्याइतका कमी नव्हे. मंगळवेढा-सांगोला भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंतींचे गणित निराळे. तिथे दारे-खिडक्या सोडल्या तर प्रश्न उरतो उघड्या शिवाराचा, जिथे चुकलेली गोळी किलोमीटरहून अधिक जाऊ शकते.

निवडीला वावही थोडाच. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली .३०३, ७.६२ मिमी यांसारखे लष्करी बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापे) सामान्य नागरिकांना बंद आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. काडतुसांची संख्याही परवान्यावरच लिहिलेली असते. पीक राखण्यासाठी परवाना घेणारा शेतकरी बहुधा बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूकच घेतो. रायफल घ्यायचीच तर .३१५ ही नेहमीची, आणि तिच्यासाठी देशी काडतूस म्हणजे २४४ ग्रेनची, सुमारे १६ ग्रॅम वजनाची, जड आणि संथ सॉफ्ट नोज गोळी. वरच्या परिच्छेदांतले बाँडेड, प्लास्टिक टोकाचे प्रकार सोलापूरच्या परवानाधारकाला वाचण्यापुरतेच.

या .३१५ काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावर बहुधा ‘८ एमएम’ आणि ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात; के. एफ. म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना. पंचनाम्यात हीच अक्षरे उतरवली जातात. त्यांवरून काडतूस कुठले हे कळते. गोळी कोणत्या प्रकारची होती, हे ठरवायला जखमेतून किंवा भिंतीतून काढलेला शिशाचा आणि कवचाचा तुकडा न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.